महजरांतील निशाणी व मतदाराची निशाणी

महाराष्ट्रांत लोकशाही ही परकी वस्तु नसून गांवगाड्यांत मुरलेली जुनी चाल आहे, असें विधान आमच्या वाचनांत व ऐकण्यांत वारंवार येतें. २४ एप्रिल १९९३ रोजीं पंचायतींविषयींची ७३ वी घटनादुरुस्ती अमलांत आली, तेव्हांपासून तर तें विशेषच ऐकूं येतें. विधानाला आधार म्हणून हटकून महजर पुढें केला जातो. गोत बसलें, वादी-प्रतिवादी उभे राहिले, साक्षी झाल्या, पाटलापासून महारापर्यंत सर्वांच्या निशाण्या कागदावर पडल्या. याहून लोकशाही ती निराळी काय असते, असा प्रश्न टाकून वक्ता खालीं बसतो. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न सुखावतो. आपल्या कपाटांतील रुमालांत तीनचारशें वर्षांपूर्वींची लोकसभा बांधून ठेविली आहे असें वाटणें कोणाला आवडणार नाहीं? परंतु आवडतें म्हणून खरें, असें म्हणण्याची सोय आपल्या कामांत नाहीं. यास्तव या विधानाची तपासणी त्याच कागदांच्या आधारें करावी असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम विधानाची वंशावळ पाहूं. तें गोताच्या तोंडचें नाहीं. एल्फिन्स्टनानें पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ त जो अहवाल लिहिला, त्यांत गांव हें वरचें सरकार नाहींसें झालें तरी आपल्या माणसांचा बचाव करूं शकेल असें लहानसें राज्यच आहे, अशा आशयाचें वर्णन आहे. त्याच अहवालांत पंचाइतीचे दोषहि त्यानें लपविलेले नाहींत. कामास लागणारा विलंब, पंचांवर सक्ती नसणें, लांचलुचपत, सर्व नमूद आहे. पुढें ७ नोव्हेंबर १८३० च्या टिपणांत मेटकाफनें गांवांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तो शब्द जगभर गेला. मेटकाफचा अनुभव दिल्लीकडचा होता, व तो वाद घालीत होता जमाबंदीचा. सरकारनें एकेका रयतेशीं सारा ठरवूं नये, गांवाशीं मिळून ठरवावा, हा त्याचा पक्ष होता. सारावसुलीच्या वादांत एका पक्षकारानें वापरलेलें वाक्य देवगिरीच्या दक्षिणेकडील गांवांचा इतिहास म्हणून आपण पाठ करीत आलों. पुढें काशीप्रसाद जायसवाल यांचा हिंदु राज्यपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९२४ त निघाला, त्यानें या मताला प्राचीन गणराज्यांचा आधार दिला. स्वराज्याच्या मागणीच्या काळांत, हिंदी लोकांस लोकशाही झेपणार नाहीं असें राज्यकर्ते म्हणत असतां, असा ग्रंथ लिहिला जाणें स्वाभाविक व कांहीं अंशीं आवश्यकहि होतें. परंतु वकिली चांगली झाली म्हणून पुरावा वाढत नाहीं. अळतेकरांनीं १९२७ त पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांवर लिहितांना दक्षिणेकडील चोळांच्या गांवसभा व आपल्याकडील गांवकी यांतील फरक स्वच्छ दाखविला, तिकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं. शिवाय ज्या उत्तरमेरूरच्या लेखाचा दाखला दिला जातो, तेथेंहि घडा ठेवून चिठ्ठ्या काढीत. चिठ्ठींत नांव येण्यास जमीन, स्वतःचें घर, ठराविक वय व विद्या लागे, आणि तो गांव ब्राह्मणांचा अग्रहार होता.

आतां खुद्द महजर. वाचकांस तो परिचित असल्यामुळें त्याचें वर्णन लांबवीत नाहीं. पाटीलकीचा, कुलकर्णाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे वादी-प्रतिवादींकडून करीने घेत, निवाडा मान्य करूं असे राजीनामे लिहवून घेत, जामीन घेत, मग हाजिर मजालशीपुढें साक्षी होत. साक्षीदारास बेलभंडार देत, पूर्वजांची आण घालीत. गोताची गांठ सुटली नाहीं तर दुसऱ्या थळास जात, किंवा दिव्य होई. निकालानंतर जिंकणारापासून हरकी व हरणारापासून गुन्हेगारी सरकारांत जमा होई. कै. वि. त्र्यं. गुणे यांनीं १९५३ त मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या प्रबंधांत हा सर्व व्यवहार पुष्कळ महजर गोळा करून मांडलेला आहे. ज्यास शंका असेल त्यानें तो पाहावा.

या व्यवहारांत मत कोठें मोजलें गेलें आहे? आमच्या पाहण्यांत तसा कागद नाहीं. अमुक जण या बाजूस, अमुक जण त्या बाजूस, म्हणून अधिकांचें खरें, असा निवाडा गोत करीत नाहीं. गोत सत्य काय तें सांगतें. पाटीलकी कोणाची आहे हा प्रश्न असतो, कोणाची असावी हा नव्हे. एकदां सत्य सांपडलें म्हणजे तें सर्वांचेंच होतें, म्हणून निवाडा एकमुखानें होतो. सांपडलें नाहीं तर तें देवावर सोंपवून तापलेल्या तुपांतून रवा काढावयास लावितात. मतभेद असूनहि चालणारी, आज हरलेल्यास उद्यां पुन्हां उभें राहूं देणारी लोकशाहीची रीत येथें शोधणें म्हणजे विहिरींत गलबत शोधण्यासारखें आहे.

मग निशाण्यांचें काय? आमच्या विवेचनाचा हाच मुख्य भाग होय. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू, आणि बलुतेदारांचीं ज्याच्या त्याच्या धंद्याचीं हत्यारें. लिहितां येणारा कुलकर्णी व देशपांड्या स्वहस्तें नांव घालतो. ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांचीं चिन्हें पडतात. पाहणाऱ्यास वाटतें, निरक्षर माणसालाहि येथें सही होती. होती खरी, परंतु ती कोणाची सही होती? नांगर काढणारा पाटील म्हणून नांगर काढतो. त्याच्या शेजारीं त्याच गांवांत नांगर धरणारा उपरी असतो, त्याची निशाणी कागदावर नाहीं. त्याच्या हातांत नांगर नव्हता असें नव्हे, त्याला वतन नव्हतें. हत्यार हें माणसाचें चिन्ह नसून हक्काचें चिन्ह आहे. महजरांतील यादी ही गांवांतील माणसांची यादी नाहीं, ती वतनांची यादी आहे. वतनदार मेला तर त्याच जागीं त्याचा मुलगा तीच निशाणी काढील. स्त्री यांत येते ती बहुधा वतनाची वारस म्हणून, वाद्याच्या बाजूस, नवऱ्याच्या किंवा पोराच्या नांवाला धरून.

येथें एक सूचना करावीशी वाटते. कित्येक महजरांत सर्व नांगर एकाच हातचे दिसतात. ओढ तीच, फाळाचा बांक तोच. निशाणी करणारांनीं ती स्वतः केली, कीं कारकुनानें सर्वांच्या वतीनें काढली, हें मूळ कागद पाहिल्यावांचून कळत नाहीं. छापील साधनांत चित्र उतरत नाहीं, तेथें कंसांत ‘निशाणी नांगर’ असे शब्द येतात, आणि दहा निरनिराळ्या हातांचे नांगर व एका हातचे दहा नांगर छाप्यांत सारखेच होतात. लोकशाहीविषयीं मोठीं विधानें बहुधा छापील प्रतींवरून झालेलीं आहेत.

या प्रश्नाचा खरा कस महाराच्या निशाणीशीं लागतो. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष सर्वांत जड. शीव कोठून गेली हें त्यालाच ठाऊक. डोक्यावर माती घेऊन शीव चालण्याचा प्रसंग येई तो पुष्कळदां त्याच्यावरच. त्याची निशाणी नसलेला शिवेचा कागद लंगडा समजावा. या एका गोष्टीवरून कांहीं लेखकांनीं गोतांत स्पृश्यास्पृश्य भेद नव्हता इथपर्यंत मजल नेली आहे. आम्ही नाशिकांत बसून हें लिहीत आहों, म्हणून दूर जाण्याचें कारण नाहीं. येथील पंचवटींत काळारामाचें देऊळ आहे. पेशवाईच्या उत्तरार्धांत सरदार ओढेकरांनीं तें बांधविलें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं व भाऊराव गायकवाड यांच्या चिटणिसीखालीं याच देवळाच्या चारी दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पांच वर्षें या ना त्या रूपानें चालूनहि दरवाजा उघडला नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. ज्या समाजाच्या निशाणीवांचून नाशिक परगण्यांतील गांवाची शीव ठरत नव्हती, त्याच समाजाला देवळाचा उंबरठा ओलांडतां येत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या आहेत. गोत पुष्कळदां देवळांतच बसे. तेव्हां महार कोठें बसे हें कागद लिहीत नाहीं, कारण तें लिहिण्याची कोणास गरज वाटत नव्हती.

यावर असें म्हणतां येईल कीं, निदान महाराला कागदावर जागा तरी होती, ती काय थोडी? ती जागा ज्यांस मिळाली होती त्यांचें मत काय होतें, तें पाहणें बरें. १९ मार्च १९२८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतनाच्या १८७४ च्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें बिल मांडलें, तें महारवतनाच्या वेठींतून सुटका व्हावी म्हणून. निशाणीचा आधार जें वतन, त्याच्याच बेडीबद्दल ही तक्रार होती. त्याच कौन्सिलांत ६ ऑक्टोबर १९३२ रोजीं ग्रामपंचायतींच्या बिलावर बोलतांना त्यांनीं, गांवास अधिक अधिकार दिल्यानें अल्पसंख्याकांचें काय होईल हा प्रश्न उभा केला. पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत त्यांनीं मेटकाफचेंच वाक्य घेऊन ग्रामप्रजासत्ताकाच्या कल्पनेवर जो प्रहार केला, तो सर्वश्रुत आहे. त्याच महिन्यांत समितीनें पंचायतींविषयींचें कलम घटनेंत घातलें, हेंहि खरें. पण त्या पंचायती कोणत्या मतदारांच्या, हा प्रश्न तोंवर प्रौढ मतदानानें सुटला होता. हीं टीका करणारास महाराष्ट्रांतील गांव पुस्तकांतून ठाऊक झालेला नव्हता. इतिहास लिहिणारानें ती भावनेच्या भरांतील म्हणून बाजूस सारूं नये. कागदांतील निशाणीचा अर्थ लावण्यास ती एक साक्ष आहे, आणि आमच्या मतें पहिल्या प्रतीची.

महजराकडून मतपत्रिकेकडे जातांना मध्यें एक मुक्काम लागतो, तो औंधचा. जुनी पंचायत प्रत्यक्ष पुनरुज्जीवित झाली याचें उदाहरण म्हणून औंधचें नांव नेहमीं घेतलें जातें. बहात्तर खेड्यांचें हें संस्थान, प्रतिनिधींचें जुनें घराणें, आणि गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांची सूर्यनमस्कार व चित्रकला यांवरील भक्ति प्रसिद्ध आहे. १९३८ च्या अखेरीस त्यांनीं आपला अधिकार प्रजेच्या हवालीं करण्याचें जाहीर केलें. मॉरिस फ्रिडमन हे पोलिश गृहस्थ व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनीं सेवाग्रामास जाऊन गांधीजींच्या सल्ल्यानें घटना सिद्ध केली, व ती २१ जानेवारी १९३९ पासून लागू झाली. गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुकासमिति व्हावी, तालुक्यांतून मध्यवर्ती सभेवर माणसें जावीं, आणि वसुलाचा मोठा भाग गांवाकडेच राहावा, अशी ती रचना होती. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. नऊ वर्षांचा हा प्रयोग. त्यांतील आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुल्या तुरुंगाची वसाहत मात्र पुढेंहि टिकली.

हें पुनरुज्जीवन होतें काय? नांव जुनें होतें, पांच हा आंकडा जुना होता, पार जुनाच होता. परंतु औंधच्या पंचांस बसण्याचा अधिकार वतनानें आला नव्हता. गांवकऱ्यांनीं त्यांस निवडिलें होतें, आणि पुन्हां न निवडण्याची मोकळीक राखिली होती. उपरी व मिरासदार हा भेद तेथें गळला. येवढें नवें करणाऱ्या घटनेस आपण केवळ जुन्याचा जीर्णोद्धार म्हणतों, तेव्हां आपण औंधकरांचें श्रेय त्यांच्या पूर्वजांस देऊन टाकतों.

तथापि त्याच घटनेंत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्याकडे महजर वाचणारानें अवश्य थांबून पाहावें. मतदारास लिहितांवाचतां आलें पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. हेतु चांगला होता. मतासाठीं तरी माणूस अक्षर गिरवील, ही अपेक्षा होती, व संस्थानांत साक्षरतेचे वर्गहि निघाले. परंतु ज्या माणसास महजरांत नांगर काढून तरी बसतां येत होतें, त्याला अक्षर येईपर्यंत मतदानाच्या दारांत थांबावें लागणार, असा या अटीचा अर्थ होतो.

ही अट औंधनें शोधून काढलेली नव्हती. दक्षिण अमेरिकेंतील प्रजासत्ताकांचा राजकीय इतिहास या एका अटीभोवतीं दीडशें वर्षें फिरलेला आहे, व तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाहीं म्हणून येथें थोडा सांगतों. स्पेनचें राज्य झुगारून देणाऱ्या बोलिव्हारनें १८२६ त बोलिव्हियासाठीं जी घटना लिहिली, तींत नागरिकास लिहितांवाचतां येणें आवश्यक ठरविलें होतें. बोलिव्हियांत निरक्षरास मत मिळालें तें १९५२ च्या क्रांतीनंतर. चिलींत १९७० च्या घटनादुरुस्तीनें. ब्राझीलमध्यें १९८५ त. पेरूची कथा तर महजराच्या वाचकास ओळखीची वाटेल. तेथें १८९६ पासून निरक्षरांचें मत गेलें. पुढें १९२० च्या घटनेनें तेथील मूळ रहिवाशांच्या गांवसमाजांस कायदेशीर अस्तित्व दिलें. त्यांची सामाईक जमीन मान्य झाली. परंतु त्याच गांवसमाजांतील केचुआ बोलणारा शेतकरी, ज्यास स्पॅनिश अक्षर येत नव्हतें, मतदार झाला तो १९७९ च्या घटनेनंतर. जवळजवळ साठ वर्षें समाजाला मान्यता होती व माणसाला नव्हती. आमच्या गोताची स्थिति याहून फारशी भिन्न नव्हती, असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशानें ती अट ठेविली नाहीं. १९३५ च्या कायद्याखालीं मताचा अधिकार लोकसंख्येच्या शेंकडा चौदांच्या आसपास होता. डॉ. आंबेडकर १९२९ च्या आपल्या निवेदनापासून प्रौढ मतदान मागत आले होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळांत झाली, तेव्हां मतदार सुमारें १७ कोटी ३० लक्ष होते आणि लिहितांवाचतां येणारे शेंकडा वीसहि नव्हते. मग मत द्यावें कसें? पुन्हां निशाणी आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटविलेलें: बैलजोडी, हत्ती, झोपडी. मतदारानें आपला कागद हव्या त्या पेटींत टाकावा.

वरवर पाहणारास हा महजराचाच पुनर्जन्म वाटेल, व तसें म्हटलेलेंहि आम्हीं ऐकलें आहे. परंतु निशाणीची दिशा येथें अगदीं उलटी झाली आहे. महजरांत चिन्ह निशाणी करणाराचें असतें व तो कोण हें सांगतें. चारचौघांत सांगतें, आणि पुढील पिढ्यांस सांगतें. मतपेटीवरील चिन्ह उमेदवाराचें. मत देणारा कोण हें झांकून ठेवण्यासाठींच सारी व्यवस्था. महार, पाटील, उपरी, विधवा, सर्वांचा कागद एकसारखा कोरा. ज्या माणसास गोतांत पाटलासमोर वेगळें बोलण्याची छाती नव्हती, त्याला पडद्याआड तें करतां आलें. या गुप्ततेला आमच्या जुन्या कागदांत पूर्वरूप नाहीं.

जुनी रीत किती खोल गेलेली होती याचा एक पुरावा त्या निवडणुकीच्या याद्यांतच आहे. सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें वगळावीं लागलीं, कारण त्यांनीं आपलें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई असें सांगितलें होतें. बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतील ही गोष्ट आहे. तरी महजरांतील वारस स्त्री ज्यांनीं वाचली आहे त्यांस ती परकी वाटणार नाहीं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नांवें यादींत ठेवण्याचें नाकारिलें, हें कठोर खरें, पण आमच्या मतें योग्यच केलें.

इतकें लिहिल्यावर आम्ही महजराचें महत्त्व कमी करूं पाहतों असा समज होण्याचा संभव आहे. तसें नाहीं. चारचौघांसमोर प्रश्न सोडवावा, दोन्ही बाजू ऐकाव्या, ज्याला स्थळ ठाऊक त्याची जात न पाहतां साक्ष घ्यावी, आणि झालें तें लिहून ठेवावें, या गोष्टी महजर निःसंशय दाखवितो, व त्या लहान नाहींत. आमची तक्रार महजराशीं नसून त्याच्याकडून जें तो बोलत नाहीं तें वदवून घेणारांशीं आहे. गोतांत उपरी नव्हता, स्त्री नांवानें नव्हती, महार होता तो वेठीच्या दाव्यानें बांधलेला होता. हें सोडून जो त्या यादीस लोकशाही म्हणतो, तो या तिघांस दुसऱ्यांदां वगळतो.

संग्राहकांस दोन विनंत्या करून लेख संपवितों. महजराची नक्कल करतांना निशाण्यांची ओळ ‘वगैरे’ म्हणून आटोपूं नये. प्रत्येक चिन्ह, त्याची जागा, शाई, हात एक कीं अनेक, आणि यादींत कोण नाहीं, याचें टांचण करावें. शक्य तर त्या भागाचें छायाचित्र घ्यावें. दुसरी विनंति नव्या कागदांविषयीं आहे. वापरलेल्या मतपत्रिका मुदतीनंतर कायद्यानेंच नष्ट होतात, त्यांचा संग्रह होणें नाहीं. परंतु १९५१-५२ च्या मतदारयाद्या, औंधच्या पंचायतींचीं इतिवृत्तें व हिशेबाच्या वह्या, काळाराम सत्याग्रहाचीं हस्तपत्रकें, हे कागद मोडींत नाहींत व त्यांवर मोर्तब नाहीं, म्हणून रद्दींत जात आहेत. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीपासून जपून ठेवावे व त्यांची यादी करून प्रसिद्धीस द्यावी. मोडी कागदांइतकीच जागा त्यांनाहि रुमालांत मिळावी.